पाठवलं, पण पोचलं का?

शुक्रवारची रात्र, पावणेदहा वाजलेले. बाणेरच्या एका कॅफेत आमची गँग जमलेली, कोल्ड कॉफी नुकतीच टेबलावर आलेली, आणि फोन वाजला. घरून. समुद्रपूरहून.

‘ताई, नाही होऊन राह्यलं ना!’ धाकटा भाऊ. आवाज रडवेला.

अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरायची शेवटची तारीख. शेवटची म्हणजे अक्षरशः शेवटची, रात्री बारापर्यंत. फॉर्म भरून झालेला, फीसुद्धा भरलेली, फक्त सात कागद चढवायचे बाकी. मार्कशीट, डोमिसाइल, टीसी वगैरे. संध्याकाळी सहापासून पठ्ठ्या लॅपटॉपसमोर बसलेला आणि साइट त्याला दर पंधरा मिनिटांनी बाहेर काढतेय. शेवटी त्याने ठरवलं, कागद ताईला पाठवू, ती पुण्यातून चढवेल. पण ते मला पाठवणंसुद्धा होईना!

मी काय म्हणाले असेन? तुम्हीही तेच म्हणाला असता. ‘अरे, सर्व्हर डाउन असेल. थोड्या वेळाने बघ.’

मंडळी, मी एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षं काढली आहेत. मार्केटिंगमध्ये असले म्हणून काय झालं? मीटिंगमध्ये ‘बँडविड्थ नाहीये यार’ हे वाक्य मी दिवसातून चारदा फेकते. पण त्या रात्री लक्षात आलं की ‘सर्व्हर डाउन’ आणि ‘नेट स्लो’ ही आपली दोन वाक्यं म्हणजे ‘अंगात कणकण आहे’ म्हणण्यासारखी आहेत. त्यातून आजार कळत नाही, आणि औषध तर नाहीच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : समुद्रपूर हे वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नावात समुद्र असला तरी खरा समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आमच्याकडे आहे तो कापूस, सोयाबीन, तूर आणि जवळचं जाम. हो, गावाचंच नाव जाम! नागपूरहून खाली येणारा हायवे तिथे फुटतो, एक फाटा हिंगणघाटकडे आणि एक चंद्रपूरकडे. हे जाम पुढे आपल्या फार उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवा.

कॉफी तशीच ठेवून मी ऑफिसमधल्या नेटवर्कवाल्या मित्राला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, ‘सर्व्हरला शिव्या नंतर घाल. आधी सांग, अडलंय कुठे?’ आणि त्याने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली.

‘वायफाय तं फुल्ल आहे!’

पहिला प्रश्न : नेट आहे का?

भाऊ म्हणाला, ‘आहे ना, वायफायच्या साऱ्या काड्या फुल्ल आहे.’

आता इथेच आपण सगळे फसतो. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वायफाय म्हणजे तुमचा लॅपटॉप आणि घरातला राउटर यांच्यातली वायरशिवायची गाठभेट. घरातल्या घरात. याला म्हणतात लॅन, म्हणजे लोकल एरिया नेटवर्क. राउटरच्या पुढे जी वायर घराबाहेर पडते, खांबावरून किंवा जमिनीखालून कंपनीकडे जाते आणि तिथून जगाला भेटते, ती बाहेरची बाजू. म्हणजे वॅन, वाइड एरिया नेटवर्क. काड्या फुल्ल याचा अर्थ अंगणापर्यंतची वाट मोकळी. फाटकाबाहेर रस्ता वाहून गेला असेल, तर ते काड्या सांगत नाहीत.

हे तपासायला ‘पिंग’ नावाचा एक साधा प्रकार आहे. अमेरिकेत माइक म्यूस नावाच्या माणसाने १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुडीतल्या सोनारच्या आवाजावरून त्याचं नाव ठेवलं. तुम्ही एका पत्त्यावर हाक मारायची, समोरून ओ आली की किती मिलीसेकंद लागले ते कळतं. भावाने आधी घरच्या राउटरला हाक मारली. त्याचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा असतो, बहुतेक घरांत असाच. लगेच ओ आली. मग बाहेरच्या पत्त्याला हाक मारली. शुकशुकाट!

निदान नंबर एक : घर ठीक, बाहेरची वायर गेली. दुपारच्या पावसात कुठेतरी तुटली असणार. राउटरवरचा लाल दिवा तेच ओरडून सांगत होता, पण आपण दिव्यांकडे बघतो कधी? संध्याकाळी ती अधूनमधून चालू-बंद होत होती, म्हणूनच साइट त्याला बाहेर काढत होती. सर्व्हर बिचारा ठणठणीत होता.

आणि हो, हा १९२.१६८ काय प्रकार? तो आयपी अ‍ॅड्रेस. नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला असा एक आकडी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, असे सुमारे ४३० कोटीच पत्ते होतात. जगात फोन आणि लॅपटॉप त्याहून जास्त. म्हणून घरातल्या सगळ्यांना आतल्या आत वापरायचे पत्ते आणि बाहेर जगासाठी एकच पत्ता, अशी सोय असते. जशा एका वाड्यात दहा खोल्या, पण पोस्टमनला दिंडी दरवाजा एकच. कुठलं पत्र कुठल्या खोलीचं, हे लक्षात ठेवायचं काम राउटरचं.

आठ अदपावांचा एक शेर

मग वायफाय सोडलं आणि फोनचा हॉटस्पॉट लावला. दुसरा प्रश्न : स्पीड किती?

भाऊ खूश. ‘ताई, बारा एमबीपीएस येऊन राह्यलं!’ फाइल किती? ‘त्रेचाळीस एमबी.’ माझं गणित : त्रेचाळीस भागिले बारा, चार सेकंद. अर्धा तास झाला तरी जात नाही म्हणजे काय?

माझ्या मित्राने कपाळावर हात मारला असावा, कारण फोनवर आवाज आला. या गणितात दोन चुका होत्या.

पहिली : स्पीड मोजतात बिटमध्ये आणि फाइल मोजतात बाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. इंग्रजीत लिहिताना बिटसाठी छोटा ‘बी’ आणि बाइटसाठी मोठा ‘बी’ वापरतात. जाहिरातीत तो छोटा ‘बी’ कुणाच्या नजरेत भरत नाही, पण आकडा मात्र मोठा दिसतो. हे ऐकून मागून बाबा म्हणाले, ‘म्हणजे अदपाव आणि शेर झालं हे.’ अगदी बरोबर! अदपाव म्हणजे शेराचा आठवा भाग. दुकानदाराने अदपावाचा भाव शेराचा म्हणून ऐकवला तर आपण भांडू, पण इथे खुशाल ऐकून घेतो. १०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलंत तर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबीच उतरणार, शंभर नाही.

दुसरी चूक : बारा हा डाउनलोडचा आकडा होता. म्हणजे बाहेरून आपल्याकडे येण्याचा. फाइल पाठवायची असते तेव्हा लागतो अपलोड, आपल्याकडून बाहेर जाण्याचा. आपण दिवसभर बघतो जास्त, पाठवतो कमी. म्हणून मोबाइल नेटवर्क आणि बरीचशी कनेक्शन्स येणारा रस्ता चार पदरी ठेवतात आणि जाणारा पाऊलवाट. त्यात टॉवर दूर असेल तर आपला छोटासा फोन तिथपर्यंत ओरडून ओरडून थकतो. भावाने स्पीड टेस्टमध्ये खाली बघितलं. अपलोड : शून्य पूर्णांक चार.

आता खरं गणित. ४३ एमबी गुणिले ८, म्हणजे ३४४ मेगाबिट. भागिले ०.४. उत्तर ८६० सेकंद. म्हणजे चौदा मिनिटांच्या वर, आणि तेसुद्धा मधे काही तुटलं नाही तर. तुटत तर होतंच. ऐंशी टक्क्यांवर गेलं की धाड! पुन्हा शून्य.

गाठी मोजणारे बाबा

‘पण मग व्हिडिओ कॉल कसा चालून राह्यला?’ भावाचा रास्त प्रश्न. आम्ही तिघं व्हिडिओवरच बोलत होतो. चेहरे चौकोनी चौकोनी होत होते, पण बोलणं चालू होतं.

हे समजायला नेटचा सगळ्यात मोठा फंडा कळायला हवा : पॅकेट. फाइल अखंड कधीच जात नाही. तिचे बारीक बारीक तुकडे होतात, साधारण पंधराशे बाइटचा एक. आमच्या ४३ एमबीचे झाले असते जवळपास तीस हजार तुकडे. प्रत्येकावर लिहिलेलं : कुठून निघाला, कुठे जायचंय, अनुक्रमांक किती.

माझे बाबा हिंगणघाटच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेबनीस होते. रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली. ते खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोरच आले. ‘गाठीच की या! सुटा कापूस कोणी गाडीत भरून मुंबईले पाठवते का?’

खरंच की! सरकी काढलेल्या रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधतात. प्रत्येक गाठीवर प्रेसचा मार्का आणि नंबर. मग कुठली गाठ कुठल्या ट्रकमध्ये गेली याने फरक पडत नाही. एक ट्रक पुढे गेला, एक मागे राहिला, एक दुसऱ्या रस्त्याने गेला, तरी मिलमध्ये नंबर लावून हिशेब जुळतो. एखादी गाठ हरवली तर तेवढी एकच मागवायची. सगळा माल पुन्हा नाही.

‘आणि पोच?’ बाबांनी विचारलं. ‘मिलची पोच आल्याबिगर मी खात्यात ओळ नव्हतो मांडत.’

बाबांनी बसल्या जागी टीसीपी सांगून टाकला होता. टीसीपी म्हणजे ट्रान्समिशन कंट्रोल प्रोटोकॉल. प्रोटोकॉल म्हणजे दोन मशीन्सनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा ठरलेला शिरस्ता. टीसीपीचा शिरस्ता असा की पलीकडून पोच आली पाहिजे. ‘इथपर्यंत मिळालं, पुढचं पाठव.’ ठराविक वेळात पोच नाही आली, तर पुन्हा पाठवायचं. फाइल, मेल, बँकेचा व्यवहार, जिथे एक अक्षरसुद्धा हरवून चालत नाही, तिथे पोच लागतेच.

व्हिडिओ कॉलचा शिरस्ता वेगळा. तिथे बहुतेक वेळा यूडीपी चालतं. गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे. तिथल्या गर्दीत भोंग्यावरून सूचना देतात तसं हे. ज्याने ऐकलं त्याने ऐकलं, भोंगेवाला प्रत्येकाकडे पोच मागत फिरत नाही. बोलण्यातला एखादा शब्द गेला तरी मतलब कळतो, आणि दोन सेकंद उशिरा आलेला शब्द तसाही बिनकामाचा. शिवाय रस्ता अरुंद दिसला की व्हिडिओ आपणहून चित्र धूसर करून भागवतो. मार्कशीटला अशी सवलत नसते. ७८ टक्के धूसर होऊन १८ दिसायला लागले तर?

‘मग ऐंशी टक्क्यावर तुटलं की उरलेल्या वीस टक्क्याच्याच गाठी काऊन नाही जात?’ बाबांचा पुढचा सवाल. लाखातला! उत्तर असं की टीसीपीची पोच एकाच बैठकीपुरती असते. कनेक्शनच तुटलं की बैठक मोडली, आणि समोरच्याने अर्धवट माल फेकून दिला. जिथे ‘रिझ्यूम’ची सोय असते, तिथे अर्धा माल गोदामात जपून ठेवतात आणि पुढच्या बैठकीत तिथून पुढे चालू करतात. आमच्याकडे ती सोय नव्हती.

जामचा जाम

तरी एक शंका उरतेच. पोच नाही आली की पुन्हा पाठव, हे सगळेच करायला लागले तर? रस्त्यावर आधीच गर्दी, त्यात प्रत्येकाने हरवलेल्या मालाच्या डबल गाड्या सोडल्या तर?

हे खरंच घडलंय. ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियात बर्कलेची प्रयोगशाळा आणि तिथलीच युनिव्हर्सिटी, दोघांत अंतर जेमतेम चारशे यार्ड. त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून चाळीस बिटवर आला. चाळीस! सगळे पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि कुणाचंच पोचत नव्हतं. मग व्हॅन जेकबसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये त्यावरचा उपाय मांडला : पॅकेट हरवलं, तर समज की पुढे गर्दी आहे, आणि स्वतःचा वेग लगेच कमी कर. मग अंदाज घेत घेत हळूहळू वाढव. आजही थोड्याफार फरकाने हाच समजूतदारपणा टीसीपीमध्ये आहे.

आमच्या जामच्या चौकात कापसाच्या हंगामात एकदा उभे राहा, लगेच पटेल. जो तो घुसतो म्हणून कुणीच सुटत नाही. दोन ड्रायव्हर मागे सरले की चौक मोकळा. नेटवर्कवर या चौकातल्या हवालदाराला म्हणतात राउटर. प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता बघून तो सांगतो, तू हिंगणघाटकडे, तू चंद्रपूरकडे. पूर्ण रस्ता त्यालाही माहीत नसतो, फक्त पुढचा चौक माहीत असतो.

आणि बँडविड्थ म्हणजे रस्त्याची रुंदी, लेटन्सी म्हणजे पोचायला लागणारा वेळ. हे दोन वेगळे बरं का! काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर पळतो. पुणे ते समुद्रपूर सरळ रेषेत सहाशेच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन सहा मिलीसेकंद. प्रत्यक्षात पिंग साठ-सत्तर दाखवतो, कारण पॅकेट सरळ रेषेत येत नाही, कंपनीच्या चौकाचौकांतून थांबत थांबत येतं. रस्ता आठ पदरी केला तरी अंतर कमी होत नाही, हे गेम खेळणाऱ्यांना विचारा.

जगातला पहिला प्रश्न

इंटरनेटची सुरुवातच मुळात ‘पोचलं का?’ या प्रश्नाने झाली, हे मला त्या रात्रीनंतर वाचताना कळलं. २९ ऑक्टोबर १९६९. लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीतून चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी शेकडो मैलांवरच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या कॉम्प्युटरवर ‘लॉगिन’ हा शब्द टाइप करून पाठवत होता. पलीकडे बिल डुव्हाल. आणि दोघांच्या कानाला चक्क टेलिफोन! ‘एल’ पाठवला, मिळाला का? मिळाला. ‘ओ’ पाठवला, मिळाला का? मिळाला. ‘जी’ पाठवला आणि पलीकडचा कॉम्प्युटर कोसळला. अर्पानेटवरचा पहिला संदेश म्हणजे ती दोन अक्षरं. माझा भाऊ आणि मी त्या रात्री नेमकं हेच करत होतो, फक्त छप्पन वर्षांनी.

आणि फाइल पाठवण्याचा पहिला शिरस्ता कुणी लिहिला, माहितेय? आपल्याच माणसाने. अभय भूषण. अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे. पुढे अमेरिकेत एमआयटीत असताना १६ एप्रिल १९७१ ला त्यांनी एफटीपी, म्हणजे फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉलचा पहिला मसुदा मांडला. त्यात गंमत अशी की हुकूम आणि माल यांचे रस्ते पुढे वेगळे झाले. ‘अमुक फाइल दे’ हे एका वाटेने सांगायचं, फाइल दुसऱ्या वाटेने येणार. जशी दिवाणजीची चिठ्ठी वेगळी आणि मालाची गाडी वेगळी. कित्येक वर्षं वेबसाइटवाले एफटीपीनेच आपली पानं चढवायचे. त्यात एकच मोठी खोट : पासवर्ड उघडाच जायचा, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. म्हणून आता एसएफटीपीसारखे बंद पाकिटातले प्रकार वापरतात, आणि क्रोम-फायरफॉक्सने २०२१ मध्ये एफटीपीला रामराम ठोकला. पण फाइल चढवणे, उतरवणे, यादी मागवणे, हा सगळा संसार भूषण यांनी मांडून ठेवलेलाच आहे.

पुन्हा समुद्रपूर, रात्रीचे पावणेअकरा

तर आता आमच्या हातात निदान होतं. वायर गेलेली, अपलोड पाऊलवाटेएवढा, मधेच तुटतंय आणि रिझ्यूमची सोय नाही. रस्ता तासाभरात रुंद होणार नव्हता. मग काय बदलता येईल? माल!

मित्राचा शेवटचा प्रश्न : सात कागद ४३ एमबीचे कसे?

दुकानातल्या स्कॅनिंगवाल्याने कौतुकाने ६०० डीपीआयवर, फुल कलरमध्ये स्कॅन करून दिले होते. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. ६०० चे २०० केले की उभे ठिपके एक तृतीयांश आणि आडवेही एक तृतीयांश, म्हणजे एकूण ठिपके नवव्या हिश्श्यावर. वाचायला तरीही स्वच्छ. आणि मेलने पाठवायचा विचार असेल तर अजून एक : मेलमध्ये अ‍ॅटॅचमेंट जाताना तिला अक्षरांच्या वेषात बांधतात आणि ती एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे २५ एमबीची मर्यादा असेल, तर २० एमबीची फाइलही परत येऊ शकते.

भाऊ फाइल्स लहान करायला बसला. मी तोवर पहिल्यांदा त्या साइटवरच्या सूचना नीट वाचल्या. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं : प्रत्येक कागद ५०० केबीच्या आत असावा.

म्हणजे तो ४३ एमबीचा डोंगर समुद्रपूरहून पुण्याला आला असता, तरी दारातूनच परत गेला असता! संध्याकाळी सहापासून आम्ही जो गाडा ढकलत होतो, तो मुळात घाटात घ्यायचाच नव्हता. यावर कुणी काही बोललं नाही. कॅफेतल्या गँगने माझी कॉफी संपवून टाकली होती.

सात कागद, मिळून तीन एमबीच्या आत. २४ मेगाबिट भागिले ०.४, एक मिनिट. गेले! अकरा एकवीसला माझ्याकडे आले, अकरा एक्केचाळीसला मी ते चढवले आणि स्क्रीनवर हिरव्या अक्षरात पोच क्रमांक आला.

‘आली पोच?’ बाबा.

‘आली.’

‘कागदावर काढून घे.’

पुढच्या वेळी

‘सर्व्हर डाउन’ म्हणण्याआधी चार गोष्टी बघा, बॉस. खरंच सोप्या आहेत.

राउटरला ओ येते का आणि बाहेर ओ येते का, हे वेगळं वेगळं बघा. मग अपलोडचा आकडा बघा, डाउनलोडचा नाही, आणि आठचं गणित विसरू नका. फाइल लहान होते का आणि समोरच्याची मर्यादा किती, हे पाठवण्याआधी वाचा.

आणि स्क्रीनवर येणारा निरोप वाचा, नुसता बंद करू नका. साइट सापडली नाही असं लिहून आलं तर बहुतेक डीएनएसची गडबड, म्हणजे नावावरून नंबर शोधून देणारी डिरेक्टरीच हाताशी नाही. ‘टाइम्ड आउट’ आलं तर हाक गेली, पण वेळेत ओ नाही आली. ५०३ आलं तर सर्व्हर जागा आहे, पण सध्या सेवा देऊ शकत नाही, आणि फक्त तेव्हाच त्याला शिव्या घालायला हरकत नाही. ४१३ आलं तर तो सांगतोय की फाइल फार मोठी आहे. तहसील कचेरीत चुकीच्या खिडकीवर उभं राहून ‘कचेरी बंद आहे’ म्हणणारा माणूस आपल्याला हसू आणतो ना? सर्व्हरलाही अशा नंबरवाल्या खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. वेबची सुरक्षित खिडकी ४४३, एफटीपीची २१. ऑफिसचा वॉचमन, म्हणजे फायरवॉल, एखाद्या खिडकीकडे जाऊच देत नसेल, तर दोष खिडकीचा नाही.

शेवटची गोष्ट मात्र बाबांची. पोच येईपर्यंत काम झालं असं मानायचं नाही. ‘सेंड’ दाबलं म्हणजे पाठवलं. पाठवलं म्हणजे पोचलं नव्हे.

भावाला अ‍ॅडमिशन मिळाली. मी दिवाळीला घरी गेले. नेहमीसारखीच नागपूरहून चंद्रपूरची एसटी, आणि जामला उतरायचं. पूर्ण वाटभर बाबांचे फोन. ‘नागपूर सोडलं का? बुटीबोरी आलं का?’ पूर्वी मला याचा भयंकर वैताग यायचा. या वेळी हसू आलं.

सुट्टी संपवून पुण्यात परतले ती पहाटे चारला. थकून अंथरुणावर पडले आणि झोपले. सकाळी उठून बघते, तर सात मिस्ड कॉल. टीसीपीचा शिरस्ता असा आहे की पोच नाही आली, तर पुन्हा पाठवताना दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबायचं. मी वेळा बघितल्या. पहिले दोन फोन अर्ध्या तासाच्या अंतराने, मग पंधरा मिनिटांनी, मग पाच. बाबांचा शिरस्ता बरोबर उलटा.

फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला.

‘पोचली का वं माय?’

‘पोचले बाबा.’

‘बरं.’ आणि ठेवून दिला. खात्यात ओळ मांडून झाली होती.